वळणावरचा थेंब

दिगू कुबल दम लागून खाली बसलेला देवबागात कुणी कधी पाहिला नव्हता. वीस-पंचवीस वर्षं त्यानं पर्यटकांचा हात धरून त्यांना समुद्राच्या तळाशी नेलं, प्रवाळ दाखवलं आणि घाबरलेल्यांना शांतपणे वर आणून सोडलं. तोच आता जिल्ह्याच्या हॉस्पिटलात उशांच्या चळतीला टेकून बसला होता, आणि साधं एक वाक्य पुरं करायला त्याला मध्ये थांबावं लागत होतं.

"दादा... तू जेवलंस काय?"

"जेवलो. तू बोलू नकोस."

"बोलाक नको... तर मगे काय... तुझ्या तोंडाकडे बघीत बसू?"

खाटेशेजारी स्टुलावर बसलेला अच्युत कसनुसा हसला. तो दिगूचा थोरला भाऊ. कुबलांच्या किती पिढ्या पाण्यावर जगल्या, पण अच्युतला पोहता येत नव्हतं. लहानपणी ओहोटीच्या पाण्यातही तो घोट्यापलीकडे गेला नाही. पुस्तक घेऊन सुरूच्या झाडांत बसायचा. पुढे पुण्याला गेला, शिकला, आणि श्वासाबरोबर आत जाणारे हवेतले थेंब शरीरात नेमके कुठे जाऊन बसतात, या एकाच प्रश्नावर एका संशोधनसंस्थेत त्यानं सगळं आयुष्य काढलं. गावात कुणी विचारलं की दिगू सांगायचा, "आमचो दादा थेंबांचे पत्ते शोधता."

गेली काही वर्षं पावसाळा सरला की किनाऱ्यावर एक ताप पसरायचा. लोक त्याला किनारताप म्हणत. लहान पोरं आणि म्हातारी माणसं त्यात हकनाक जात. त्यावर संस्थेनं तुषारलस तयार केली होती. सुई नाही की टोचणं नाही. काचेच्या उभ्या कपाटात जरा वेळ उभं राहायचं, चेहऱ्यावर गार धुकं यायचं, नेहमीसारखा श्वास घ्यायचा आणि बाहेर पडायचं. त्या धुक्यातल्या थेंबाचं माप अच्युतनं ठरवलं होतं. पुण्यातल्या चाचण्या नीट पार पडल्या. सगळ्या किनारपट्टीवर लस सुरू करण्याआधी एक फेरी एखाद्या गावात घ्यायची असं ठरलं, तेव्हा जन्मात कधी कशाचा आग्रह न धरलेल्या अच्युतनं देवबागचं नाव लावून धरलं.

दिगू काही तयार नव्हता. "माका काय धाड भरली हा?" तो फोनवर म्हणाला होता.

"माझ्यासाठी जा," अच्युत म्हणाला होता.

दिगू गेला. आठवड्याच्या आत त्याला दम लागायला लागला. पाठोपाठ त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या तिघांना. लस घेतलेला बाकीचा गाव ठणठणीत होता.

चौघांत एक गोष्ट सारखी होती. चौघंही दिगूच्या डायव्हिंग सेंटरचे, आणि चौघांच्या पाठीवरच्या हवेच्या टाक्या एकाच कॉम्प्रेसरवर भरलेल्या. कॉम्प्रेसरची गाळणी बिघडली तर यंत्रातलं तेल अतिबारीक थेंबांच्या रूपानं टाकीतल्या हवेत मिसळतं आणि ती हवा ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जाऊन बसतं. डॉक्टरांनी अच्युतलाच विचारलं, हे असं असू शकेल का? साध्या होकारातही चार 'पण' घालणारा अच्युत या वेळी लगेच म्हणाला, "तेलच असणार." ते बोलताना आपल्याला किती हलकं वाटलं, हे त्याला जाणवलं होतं. त्यानं त्या जाणिवेकडे पाठ फिरवली.

त्या एका वाक्याला दिवसभरात पाय फुटले. शास्त्रज्ञ म्हणाले म्हटल्यावर उपचार तेलावरचे सुरू झाले, तहसील कचेरीनं कॉम्प्रेसरला सील ठोकलं, आणि तो कॉम्प्रेसर चालवणाऱ्या मुलीकडे लोक मान वळवून बघायला लागले. ती मुलगी म्हणजे केतकी, दिगूची एकुलती एक लेक.

संध्याकाळी ती हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकाशी अच्युतसमोर येऊन उभी राहिली. हातात बापासाठी आणलेला पेजेचा डबा.

"काका, एक विचारू?"

"विचार ना."

"तुमी माझी गाळणी बघलात?"

"नाही, म्हणजे... डॉक्टरांनी शक्यता विचारली, आणि शास्त्रीयदृष्ट्या..."

"बघल्यात नाय. नुसता बोललात." ती आवाज न चढवता म्हणाली, आणि तेच जास्त लागलं. "मी रत्नागिरीक जाऊन नवी गाळणी घेऊन इलंय, सीझनच्या आधी. लशीच्या दिवशी मी थयच होतंय, नायतर मी पण त्या काचेच्या कपाटात उभी रवलंय असतंय. बाकी हवा मी तीच ओढलंय, जी बाबान ओढल्यान. माका काय झाला?"

"प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, केतकी."

"व्हय. माझी प्रकृती बरी आसा, म्हणान मी बापाक मारूक निघालंय असा लोक बोलतत." डबा त्याच्या हातात देऊन ती निघून गेली.

अच्युत डबा धरून बसून राहिला. 'मी पण त्या कपाटात उभी रवलंय असतंय,' हे वाक्य त्याच्या कानातून जाईना. तीच हवा, पण लस नाही. आणि आजार नाही. ही गोष्ट त्याला आधीच दिसायला हवी होती. दिसली होतीही कदाचित.

श्वासाबरोबर आत शिरलेल्या थेंबाचं काय होतं, हे विद्यार्थ्यांना सांगताना तो नेहमी आंबोलीच्या घाटाचं उदाहरण द्यायचा. नाक म्हणजे अरुंद, वळणावळणाचा घाट. मोठा थेंब म्हणजे माल भरलेला ट्रक. तो वेगानं आला की त्याला वळण घेता येत नाही. समोरच्या भिंतीवर आदळतो आणि तिथेच चिकटतो. दहा मायक्रॉनचा थेंब, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, असाच नाकात अडतो. त्याच्या निम्म्या-तिसऱ्या हिश्शाचे थेंब स्कूटरसारखे वळणं काढत पुढे जातात, आणि श्वासनलिकेला जिथे फाटे फुटतात तिथे किंवा त्याखालच्या बारीक नळ्यांत गाळासारखे बसतात. त्याहून लहान असतील ते अगदी टोकाच्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. आणि अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे काही थेंब इतके अधलेमधले असतात, की ते आदळतही नाहीत, बसतही नाहीत. आत फेरफटका मारून उच्छ्वासाबरोबर परत बाहेर येतात. हे सांगताना वर्गात हटकून हशा व्हायचा.

लशीचा थेंब त्यानं दहा मायक्रॉनचा ठेवला होता, म्हणजे नाकात थांबणारा. तो तिथे टिकावा म्हणून त्यात एक चिकट द्रव्य घातलं होतं. नाकाला त्याचा काही त्रास नाही, चार दिवसांत ते वाहून जातं. फुप्फुसात गेलं तर काय होईल, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नव्हता. तिथे ते जाणारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लस घेऊन आलेली संस्थेची गाडी अजून मालवणलाच होती, तिच्यातून त्यानं थेंबदर्शक मागवून घेतला. श्वासाबरोबर आत गेलेले थेंब कुठे बसले आहेत ते पडद्यावर ठिपक्यांनी दाखवणारं हे यंत्र त्याच्याच प्रयोगशाळेत जन्मलेलं. डॉक्टरांना त्यानं सांगितलं, तेल कुठवर गेलंय ते पाहू. तेलाचे थेंब अतिबारीक, तेव्हा सगळ्या फुप्फुसभर पीठ भुरभुरल्यासारखा एकसारखा ठसा दिसायला हवा होता. दिगूच्या छातीशी यंत्राची पाटी धरताना अच्युत मनातल्या मनात तेच मागत होता.

पीठ नव्हतं. फुप्फुसाच्या खालच्या भागात, नळ्यांना जिथे जिथे फाटे फुटत होते तिथे तिथे, ठिपक्यांचे जाड गठ्ठे बसले होते. आदळून बसलेले. हा मोठ्या थेंबाचा ठसा होता. अच्युतनं असे ठसे आयुष्यभर काढले होते. दुसऱ्याच्या वहीत आपलं अक्षर ओळखावं तसा त्यानं तो ओळखला.

"काय दिसता?" दिगूनं विचारलं.

"बघतोय अजून."

"तुझा बघना... म्हणजे पावसाळो जातलो."

बाकीच्या तिघांच्या छातीतही तेच. पण एवढा मोठा थेंब नाकातून निसटला कसा? पुण्याच्या चाचण्यांत तोंडानं श्वास घेणारे लोक मुद्दाम घेतले होते. सर्दी झालेले, घोरणारे. त्यांचा थेंब घशावर आदळून पोटात गेला, इजा कुणालाच झाली नाही. मग हे चौघेच कसे? अच्युतला स्वतःच्या डोळ्यांचाच भरवसा वाटेना. आपण भावाच्या आजारानं बावचळलो असू, यंत्राची पाटी उलटी धरली असू. त्यानं चौघांचे ठसे पुन्हा काढले. पुन्हा तेच आले.

दुपारी दिगूचा ताप चढला. नर्सनं थंड पाण्याचं भांडं आणि टॉवेल दिला आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. अच्युतनं टॉवेल पिळला आणि भावाच्या कपाळावरून, डोळ्यांवरून, नाकावरून फिरवला. दिगू ग्लानीत होता. ओला टॉवेल नाकाला लागला मात्र, त्याच्या नाकपुड्यांची हालचाल थांबली. ओठ अलगद विलग झाले आणि तोंडानं एक श्वास आत गेला, अतिशय संथ, लांब, दमलेल्या छातीला झेपेल तेवढा खोल. वर जाऊन तो क्षणभर थांबला, मग सावकाश बाहेर आला.

अच्युतनं टॉवेल बाजूला केला. दिगू पुन्हा नाकानं, भरभर श्वास घ्यायला लागला.

त्यानं टॉवेल भिजवून पुन्हा लावला. नाक थांबलं, तोंड उघडलं. आणखी एकदा लावला. पुन्हा तेच.

पाण्याखाली डायव्हरचं नाक मुखवट्यात बंद असतं. श्वास तोंडातल्या नळीनं घ्यायचा. तोही संथ आणि खोल, म्हणजे टाकीतली हवा पुरते आणि जीव घाबरत नाही. दिगूच्या शरीरानं हे इतकं मुरवून घेतलं होतं, की चेहऱ्याला गार ओल लागली की त्याचं नाक आपोआप मिटायचं. काचेच्या कपाटात त्याच्या तोंडावर गार धुकं आलं तेव्हाही हेच झालं असणार. भरलेला ट्रकही अगदी सावकाश चालवला तर वळण घेतोच. नाकाचा घाट वगळून, घशाचं वळण सांभाळून, थेंब सुखरूप खाली उतरले होते. आणि श्वास वर धरून ठेवल्यामुळे त्यांना बसायला निवांत वेळही मिळाला होता.

अच्युत टॉवेल हातात घेऊन उभाच राहिला. पाण्याचे थेंब त्याच्या चपलांवर टपटपत होते.

त्यानं बाहेर येऊन अनघा फणसळकरला फोन लावला. एके काळची त्याची विद्यार्थिनी आता संस्थेची संचालक होती, आणि परवापासून सगळ्या किनारपट्टीवर लस सुरू करायची तिची तयारी पुरी झाली होती. त्यानं सगळं सांगितलं. अडखळत, मागेपुढे होत, पण सांगितलं.



"सर, तुम्हीच काल म्हणालात, तेल आहे."

"चुकलो."

"ठशावरून थेंबाचं माप कळतं. तो कशाचा आहे ते नाही कळत. कॉम्प्रेसरमधून मोठे थेंब आले नसतील कशावरून?"

"मोठे थेंब टाकीच्या तळाशी बसतील ना, नळीतून वर येणार नाहीत..."

"नसतील येणार. पण मी मंत्र्यांना काय सांगू? तुमच्या भावाला ओला टॉवेल लावला म्हणून?" तिचा स्वर मऊ झाला. "सर, रागावू नका. थेंबाचं माप नक्की करताना तुम्ही तीनदा मागे फिरलात. नंतर चिकट द्रव्याच्या वेळी. त्या त्या वेळी तुमच्या शंका खोट्या निघाल्या, आणि आपला एक सबंध हंगाम हुकला. त्या हंगामात किती माणसं गेली ते तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग मला शंका नको. काहीतरी दाखवा. उद्या संध्याकाळपर्यंत दाखवलंत तर थांबवते."

अच्युतनं फोन ठेवला. ती वावगं काही बोलली नव्हती. खरोखरच आपण आयुष्यभर चुकीच्या जागी शंका घेत आलो आणि जिथे घ्यायची तिथे एका दमात 'तेलच असणार' म्हणून मोकळे झालो. दाखवायचं म्हणजे काय, तेही त्याला कळत होतं. तोच थेंब, तेवढ्याच मापाचा, एखाद्या धडधाकट छातीत त्याच रीतीनं उतरवून दाखवायचा. चाचणीसाठीचं धुकं गाडीत होतंच: त्यात लसही नाही, चिकट द्रव्यही नाही, नुसतं मिठाचं पाणी आणि यंत्राला दिसणारी खूण. ते कुणालाही अपाय करणार नव्हतं. पण पुन्हा कुणा दुसऱ्याला 'माझ्यासाठी जा' म्हणायची त्याची छाती नव्हती.

संध्याकाळी तो रिक्षानं देवबागला गेला. सेंटरच्या दाराशी सील लावलेला कॉम्प्रेसर उभा होता. मागच्या अंगणात नवख्यांना शिकवायची सिमेंटची टाकी होती, छातीभर पाण्याची. केतकी तिच्या काठावर बसून नळ्या धूत होती.

"केतकी, तेल नाही," तो म्हणाला. "कॉम्प्रेसर चांगला आहे. बाबाच्या छातीत माझं धुकं आहे."

नळी धुता धुता तिचे हात थांबले. "हा तुमी लोकांक सांगितलात?"

"डॉक्टरांना सांगितलंय. ते म्हणतात, उपचार बदलायचे तर खात्री हवी. पुण्याचे लोकही तेच म्हणतात. मला ते सिद्ध करायचंय. त्यासाठी मला श्वास घ्यायला शिकव. तुम्ही पाण्यात घेता तसा."

"तुमका?"

"मला."

तिनं त्याच्याकडे बघितलं. साठी उलटलेला, चष्म्याचा, पाण्याच्या टाकीपासून दोन हात लांब उभा असलेला काका.

"माका काय गरज?"

"तुला नाही. गरज मला आहे."

"आणि बाबाक?"

"त्यालाच सर्वांत जास्त."

तिनं नळ्या बाजूला ठेवल्या. "शर्ट काढा. चष्मो पण."

त्यानंतरची घटका-दोन घटका अच्युतला जन्मभर विसरता येणार नव्हती. टाकीच्या पायऱ्या तो काठ धरून एकेक करत उतरला. केतकीनं त्याच्या तोंडात नळी दिली आणि काही कळायच्या आत मगभर पाणी त्याच्या तोंडावर ओतलं. तो ठसकला, नळी सुटली, पाणी नाकात गेलं.

"नाकान वढू नका."

"मी... ओढत नाही... आपोआप जातं."

"मगे नाक इसरा. नाक आसा ह्याच इसरान जावा." आणखी एक मग. "खांदे कित्याक वर करतास? कोण मारता काय तुमका?"

"तू मारतेस."

ती हसली नाही, पण पुढचा मग तिनं जरा हळू ओतला. "मनात एक, दोन, तीन, चार म्हणा. सगळे चार म्हणासर आत घेयाचो. घाई केल्यात काय जीव घाबरता. तुमका बघून मासो पण घाबराचो नाय, तसो."

अंधार पडायच्या सुमाराला पाणी तोंडावर येत असताना अच्युतचा एक श्वास पुरा आत गेला. मग दुसरा. तिसऱ्या श्वासाला त्याला पाण्याचा विसर पडला. त्या क्षणी त्याला कळलं, की दिगूला समुद्रात काय सापडलं असेल; आणि आपण नेमकं काय त्याच्याकडून काढून घेतलंय.

सकाळी ते दोघं मालवणला लशीच्या गाडीशी गेले. अच्युत आधी साधा कपाटात उभा राहिला. धुकं आलं, त्यानं इतरांसारखा नाकानं श्वास घेतला आणि बाहेर आला. केतकीनं पाटी आधी त्याच्या नाकाशी, मग छातीशी धरली. नाक ठिपक्यांनी भरलं होतं, छाती स्वच्छ. त्याचं गणित जसंच्या तसं.

मग तो पुन्हा आत गेला. गार धुकं चेहऱ्यावर आलं तसा जुना घाबरेपणा उसळून वर आला. काचेपलीकडे केतकीनं तळवा खाली दाबून खुणावलं, सावकाश. त्यानं खांदे सोडले, नाक विसरला, ओठ उघडले आणि सावकाश श्वास घेतला. वर धरला. सोडला. काच उघडेपर्यंत तसाच घेत राहिला.

पडद्यावर काय आलंय हे त्याला केतकीच्या चेहऱ्यावरूनच समजलं. फुप्फुसाच्या खालच्या फाट्यांवर ठिपक्यांचे गठ्ठे. दिगूच्या छातीत होते तसेच, तिथेच.

"ह्या तुमचा की बाबाचा?" तिनं हळूच विचारलं.

"माझं. दोन्ही अर्थांनी माझंच."

दोन्ही चित्रं त्यानं अनघाला पाठवली. तिचा फोन आला. तिनं विचारलं, "डायव्हर वगळून बाकीच्यांना देता येईल?"

"सनई वाजवणारे आहेत. प्राणायाम करणारे आहेत. गाणारे आहेत. धुकं अंगावर आलं की देवाचं नाव घेऊन कोण खोल श्वास घेईल ते मला सांगता येत नाही. माझा हिशोब सरासरी माणसाचा होता, अनघा. तोंड बंद ठेवूनच धुकं घेता येईल अशी काही सोय केल्याशिवाय देऊ नकोस."

"त्याला काही आठवडे जातील. ताप थांबणार नाही तोवर."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तरीही."

तिनं लस थांबवली. हॉस्पिटलात उपचार बदलले. चौघांची फुप्फुसं धुऊन काढायचं काम त्याच दुपारी सुरू झालं. अच्युत तहसील कचेरीत गेला आणि तिथून बंदरावर, जिथे संध्याकाळी लोक जमतात तिथे. वर्गाबाहेर चार माणसांपुढे तो कधी बोलला नव्हता. तो म्हणाला, कॉम्प्रेसर चांगला आहे, हवा चांगली होती, केतकीची काही चूक नाही; चूक माझ्या गणितात होती. मागून कुणीतरी म्हणालं, "पुस्तकात चुकीचा लिवलेला काय?" लोक हसले. अच्युत म्हणाला, "पुस्तकात बरोबर होतं. मी माणसं पुरती मोजली नाहीत." मग कुणी हसलं नाही, आणि त्याला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सील निघालं. केतकीनं कॉम्प्रेसर सुरू केला. लस बंद असलेल्या आठवड्यांत जवळच्या वायरी गावात दोन म्हातारी माणसं किनारतापानं गेली, ही बातमी तिनंच त्याला दिली. तो त्या दिवशी जेवला नाही.

दिगू घरी आला तो पार उतरलेला. चालत पडवीपर्यंत येई आणि खुर्चीत बसे. पुन्हा पाण्याखाली जाता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अच्युत पुण्याला परत गेला नव्हता. त्यानं रजा वाढवली होती, आणि भावाला सगळं स्वतःच्या तोंडानं सांगायचं तो रोज उद्यावर ढकलत होता. एका सकाळी त्यानं सांगून टाकलं. टॉवेलपासून टाकीपर्यंत.

दिगूनं ते पुरं ऐकलं. संपल्यावर म्हणाला, "म्हणजे मी श्वास बरो घेतलंय... म्हणान मराक टेकलंय?"

"हो. म्हणजे... इतका चांगला श्वास घेणारा माणूस माझ्या हिशोबात नव्हता."

"सख्खो भाऊस डायव्हर. आणि हिशोबात नाय?"

आवाराबाहेरून कुणीतरी सायकलवरून गेलं, दिगूला हाक मारून गेलं. दिगूनं हात वर केला.

"केतू सांगी होती, तू टाकयेत उतरलंस."

"उतरलो."

"बुडालंस?"

"नाकातोंडात पाणी गेलं."

दिगू हसला. हसता हसता खोकला आला, तो थांबेपर्यंत अच्युत त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"बस," दिगू म्हणाला. "दाखव बघू... कसो घेतलंस तो."

"आता?"

"मगे कधी? दाखव."

अच्युत समोरच्या खुर्चीवर ताठ बसला. त्याला शरम वाटली, तरी त्यानं ओठ उघडले.

"खांदे पाड. हां. आता घे... घाई नको... पोटासून वर येवक होयो." आणि घाबरलेल्या पर्यटकाला धीर द्यावा तसा, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, दिगूही त्याच्याबरोबर श्वास घ्यायला लागला. दोघांच्या छात्या एका लयीत वर चढू लागल्या. निम्म्यावर दिगूची अडली. त्याचा चेहरा आवळला गेला. अच्युत थांबणार, इतक्यात दिगूनं हातानं खुणावलं, थांबू नको. अच्युत घेत राहिला, एकटाच, छाती पुरी भरेपर्यंत.

दिगूनं अंगठा आणि बोट जुळवून त्याला खूण केली. पाण्याखाली बोलता येत नाही तेव्हा डायव्हर करतात ती, सगळं ठीक आहे अशी. अच्युतला तो श्वास सोडवेना.